रानातल्या छपराचे मोल

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील एखाद्या दुर्गम खोऱ्यात, मोटाररस्त्यापासून दोन दिवसांच्या वाटचालीवर, पत्र्याच्या छपराची एक लहानशी खोली उभी असते. आत लाकडी फळ्यांवर सहा गाद्या, एक शेगडी, भिंतीवर नकाशा; बाहेर पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि थोड्या अंतरावर शौचकूप. दाराला कुलूप नाही, राखणदार नाही. टेबलावर एक नोंदवही असते आणि भिंतीला एक पेटी ठोकलेली असते, तिला वर फट असते. संध्याकाळी भिजत आलेला प्रवासी येथे कपडे वाळवतो, चार घास शिजवून खातो, झोपतो. सकाळी जमीन झाडतो, पुढच्याकरिता सरपण आत आणून ठेवतो, आणि गावातून आधीच विकत आणलेले तिकीट त्या फटीतून आत सरकवून वाटेला लागतो. तिकीट टाकताना त्याला कोणी पाहत नाही. न टाकल्यास तत्काळ जाब विचारणाराही कोणी नाही.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्याच्या दृष्टीने ही पेटी मोठी विलक्षण वस्तू आहे. वर्गात आम्ही सांगतो की, जे फुकट घेता येते त्याचे मोल शहाणा माणूस देत नाही. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. त्या अरण्यातील पेटीत मात्र, कोणाचाही धाक नसताना, तिकिटे पडत राहतात. मग शास्त्र चुकले, की माणसे शास्त्राला ठाऊक नसलेला काही हिशेब करतात?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारने जाहीर केले की, मिलफर्ड साउंड, टोंगारिरोची पायवाट, कथीड्रल कोव्ह आणि औराकी माउंट कुक या चार सुप्रसिद्ध स्थळी परदेशी प्रवाशांकडून वीस ते चाळीस डॉलर प्रवेशमूल्य घ्यायचे. अंमल २०२७ पासून करण्याचा मानस आहे. न्यूझीलंडचा एक डॉलर म्हणजे स्थूलमानाने आपले पन्नास रुपये. रक्कम मोठी नाही. तत्त्व मोठे आहे. कारण आजवर त्या देशात एक रेघ कसोशीने पाळली गेली होती: रानात जाणे मोफत, रानातल्या छपराखाली झोपणे सशुल्क. ही रेघ कोठून आली, तिच्यात काय शहाणपण आहे आणि ती पुसली तर काय जाईल, हे पाहण्यासारखे आहे.

शिकाऱ्यांचा वारसा

या निवाऱ्यांचा जन्म पर्यटनातून झालेला नाही. न्यूझीलंडच्या भूमीवर, वटवाघळे सोडल्यास, मूळचा एकही सस्तन भूचर नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकऱ्यांनी मृगयेच्या हौसेने तांबडी हरणे आणून सोडली. त्यांना खाणारे श्वापद नसल्याने ती बेसुमार वाढली आणि डोंगरउतारावरील झाडोरा फस्त करू लागली. तेव्हा १९३० नंतरच्या दशकात सरकारने पगारी शिकारी नेमले. १९५६ मध्ये हे काम वनखात्याकडे आले आणि पुढील वीसेक वर्षांत या शिकाऱ्यांसाठी खोऱ्याखोऱ्यांतून शेकडो निवारे, झुलते पूल आणि पायवाटा बांधल्या गेल्या. पुलांचे महत्त्व तेथील माणसाला सांगावे लागत नाही. नदी ओलांडताना बुडून मरणे हे गेल्या शतकाच्या आधी तेथे इतके नित्याचे होते की त्याला ‘न्यूझीलंडी मरण’ असेच नाव पडले होते.

पुढे हरणांची शिकार हेलिकॉप्टरमधून होऊ लागली. पगारी शिकारी गेले, निवारे राहिले. त्यांत पाठीवर बोजा घेऊन हिंडणारी सामान्य माणसे, शिक्षक, कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, येऊन राहू लागली. १९८७ मध्ये वनखाते बरखास्त होऊन निसर्गसंरक्षण खाते स्थापन झाले, तेव्हा देशाच्या सुमारे एक तृतीयांश भूमीबरोबर हा वारसाही त्याच्या पदरी पडला. आज या खात्याकडे साडेनऊशेहून अधिक निवारे आहेत. अवघ्या त्रेपन्न लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या देशाने एवढी सार्वजनिक छपरे सांभाळावीत, ही सामान्य गोष्ट नव्हे.

म्हणजे ही मालमत्ता जनतेच्या पैशांतून, पण वेगळ्याच कारणासाठी उभी राहिली. बांधकामाचा खर्च केव्हाच होऊन गेला होता. उरला होता तो देखभालीचा खर्च. आणि देखभालीचा खर्च हा असा पाहुणा आहे की तो कधीच परत जात नाही.

जमीन सर्वांची, छप्पर वापरणाऱ्याचे

१९८७ च्या संरक्षण कायद्यात या संदर्भात एक सुरेख भेद केलेला आहे. संरक्षित भूमीवर जनतेचा प्रवेश विनामूल्य राहील, असे कायदा सांगतो. आणि लगेच पुढे म्हणतो की, तेथील सोयींच्या वापराबद्दल वाजवी आकार घेता येईल, परंतु पायवाटा मात्र या ‘सोयी’त धरायच्या नाहीत. १९८० च्या राष्ट्रीय उद्यान कायद्यातही मुक्त प्रवेशाचे हेच तत्त्व आहे. जमीन, वाट, डोंगर, नदी ही सर्वांची. त्यांच्या दारात पैसे मागायचे नाहीत. गादी, शेगडी, छप्पर मात्र जो वापरील त्याने त्याचा काही भार उचलावा.

या भेदावर खात्याने दराची उतरंड रचली. अगदी साधे, आडरानातील निवारे मोफत. गाद्या, पाणी व शौचकूप असलेल्या ‘सामान्य’ निवाऱ्याला पूर्वी एक तिकीट लागे. ऊब देणारी शेगडी व अधिक सोयी असलेल्या ‘सुसज्ज’ निवाऱ्याला तीन तिकिटे लागत. अनेक वर्षे एका तिकिटाची किंमत पाच डॉलर होती. नंतर दर वाढले. याशिवाय सहा महिन्यांचा वा वर्षाचा पास मिळतो. तो घेतला की बहुतेक सामान्य व सुसज्ज निवाऱ्यांत कितीही रात्री राहता येते. जागा राखून ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी नाही. जो आधी येईल त्याला गादी, जो मागून येईल त्याला जमीन. पण पावसापाण्यात कोणाला बाहेर ठेवायचे नाही, हा रिवाज.

येथे वाचक विचारील की, खोली तर उभीच आहे. एक माणूस अधिक झोपला म्हणून सरकारचे काय झिजते? ही शंका रास्त आहे आणि ती फार जुनी आहे. ज्यूल द्यूपुई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्ये पुलावरील पथकराबाबत नेमके हेच विचारले होते. पूल बांधून झाला, त्यावर गर्दी नाही, आणखी एक माणूस पलीकडे गेल्याने खर्च वाढत नाही. अशा वेळी पथकर ठेवला तर ज्याला तो परवडत नाही तो अलीकडेच राहतो. त्याचे नुकसान होते आणि त्यातून दुसऱ्या कोणाचाही फायदा होत नाही. रिकाम्या निवाऱ्याला हा सिद्धांत जसाच्या तसा लागू पडतो. पाच डॉलर वाचवण्यासाठी कोणी कुडकुडत बाहेर झोपला आणि आतल्या सहाही गाद्या रिकाम्या राहिल्या, तर ते शुल्क शहाणपणाचे म्हणता येणार नाही.

आता ती उतरंड पुन्हा पाहावी. जेथे माणूस क्वचित येतो तेथे निवारा मोफत आहे. तेथे वसुलीचा खर्चच उत्पन्नाहून अधिक झाला असता. पासधारकाने वर्षाची वर्गणी एकदा भरली की पुढच्या प्रत्येक रात्रीचे मोल त्याच्यापुरते शून्य होते. म्हणून वादळी रात्री छपराखाली शिरताना त्याला खिसा चाचपावा लागत नाही. देखभालीला पैसाही मिळतो आणि द्यूपुईचा आक्षेपही बऱ्याच अंशी टळतो. खात्यातील कोणी द्यूपुई वाचला होता की नाही कोण जाणे. परंतु व्यवहाराने काढलेली वाट पुष्कळदा सिद्धांताच्या वाटेला येऊन मिळते, ती अशी.

आणि झीज काहीच होत नाही, हेही पूर्ण खरे नाही. रस्ता नसलेल्या ठिकाणी सरपण, पत्रे, खिळे हेलिकॉप्टरने न्यावे लागतात. काही ठिकाणी मैलाही पिंपांत भरून हेलिकॉप्टरनेच बाहेर काढावा लागतो. ज्याने आयुष्यात कधी डोंगर चढला नाही अशा ऑकलंडमधील कामगाराच्या करातूनच हा सगळा खर्च भागवायचा म्हटले, तर त्यालाही विचारण्याचा अधिकार आहे की, दुसऱ्याच्या सुटीचा खर्च मी का सोसावा? सवड आणि चांगले बूट या दोन्ही गोष्टी समाजात सारख्या वाटलेल्या नसतात. थोडेसे शुल्क हे त्या कामगाराला दिलेले उत्तर आहे.

एका कड्यावरील धडा

परंतु ‘वापरणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व दोन्हीकडे धार असलेले आहे. सरकार त्याचा उपयोग स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठीही करू शकते. न्यूझीलंडचे संरक्षण खाते ज्या काळात जन्मले तो सरकारी खर्चकपातीचा काळ होता. त्या कपातीचे एक फळ २८ एप्रिल १९९५ रोजी दिसले. पापारोआ राष्ट्रीय उद्यानात केव्ह क्रीक येथे, दरीवर काढलेला एक लाकडी प्रेक्षणमंच तरुण विद्यार्थ्यांच्या भाराखाली कोसळला. तेरा विद्यार्थी आणि खात्याचा एक अधिकारी असे चौदा जण मृत्युमुखी पडले.

चौकशीत जे बाहेर आले ते वाचताना मन विषण्ण होते. मंचाचा आराखडा कोणा अर्हताप्राप्त अभियंत्याने केलेला नव्हता. जेथे बोल्ट बसवायचे तेथे खिळे ठोकलेले होते. बांधकामाची परवानगी नव्हती, नियमित तपासणीची व्यवस्था नव्हती. आयोगाने कोणा एका सुताराला दोषी न धरता संपूर्ण व्यवस्थेला दोषी धरले. अपुऱ्या निधीत आणि अपुऱ्या माणसांत काम उरकणाऱ्या खात्याचे हे अपयश होते.

तो मंच मोफत होता. तिकीट असते तर तो पडला नसता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु या घटनेने एक गोष्ट शिकवली की, सार्वजनिक सोय बांधून मोकळे होता येत नाही. ती दरवर्षी नव्याने बांधावी लागते, फक्त ते बांधणे कोणाला दिसत नाही. फीत कापायला मंत्री येतात. गंजलेला खिळा बदलायला कोणी येत नाही. दुर्घटनेनंतर खात्याने देशभरातील पूल, मंच, निवारे तपासले. पुष्कळ काढून टाकले. सरकारलाही पुढे वाढीव निधी द्यावा लागला. तिकिटांच्या पेटीतून एवढा खर्च कधीच निघाला नसता. निवाऱ्यांचा मोठा भार आजही करदात्यावरच आहे आणि तो तेथेच असला पाहिजे. शुल्क हे कराला जोड म्हणून ठीक; कराला पर्याय म्हणून नव्हे.

गर्दीचे गणित

आतापर्यंतचे विवेचन रिकाम्या वा अर्ध्या भरलेल्या निवाऱ्यांचे झाले. सर्वच ठिकाणी ही स्थिती नाही. खात्याने निवडक वाटांना ‘ग्रेट वॉक’ असे बिरुद दिले आहे. त्यांतील मिलफर्डची ५३.५ किलोमीटरची वाट जगप्रसिद्ध आहे. हंगामात तेथे एकाच दिशेने चालायचे, ठरलेल्या तीन निवाऱ्यांत तीन रात्री राहायचे आणि स्वतंत्रपणे जाणाऱ्या चाळीसच जणांनी दररोज निघायचे, असा नियम आहे. नोंदणी सुरू होते आणि बघता बघता हंगाम भरून जातो. येथे द्यूपुईचा पूल ओस नाही. पुलाच्या तोंडाशी रांग आहे.

२०१८-१९ च्या हंगामात खात्याने मिलफर्डसह चार वाटांवर प्रयोग केला. मिलफर्डच्या निवाऱ्यात न्यूझीलंडवासीयाला एका रात्रीस ७० डॉलर, परदेशीयाला १४०. यावर बरीच चर्चा झाली. ‘हा भेदभाव आहे’ असे काहींनी म्हटले. आपल्याला हे नवे नाही. अजिंठा-वेरूळला २०१८ च्या दरवाढीनंतर भारतीयाला ४० रुपये आणि बहुतेक परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये असा दर ठरला, तो आपल्यापैकी कोणाला अन्यायाचा वाटल्याचे ऐकिवात नाही. तर्क उघड आहे. स्थानिक माणूस कराच्या रूपाने त्या जागेचे मोल आधीच देत असतो. पाहुणा देत नाही. न्यूझीलंडने २०१९ पासून परदेशी प्रवाशांवर ३५ डॉलरचा निसर्गरक्षण व पर्यटन कर बसवला आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो १०० डॉलरवर नेला, त्यामागेही हाच विचार आहे. परंतु मग एक प्रश्न उरतो. देशात शिरतानाच शंभर डॉलर दिलेल्या पाहुण्याकडून निवाऱ्यात दुप्पट दर घ्यायचा आणि डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा प्रवेशमूल्य मागायचे, तर ‘तो कर देत नाही’ हे म्हणणे कितपत टिकते?

शिवाय गर्दी असते तेव्हा किंमत दोन कामे करते. एक पैसा जमवण्याचे, दुसरे माणसे निवडण्याचे. पहिले काम तिने करावे. दुसरे एकट्या तिच्यावर सोपवू नये. चाळीस जागांसाठी चारशे माणसे असतील आणि केवळ दर वाढवून त्यांतली चाळीस निवडली, तर निवारा श्रीमंतांचा होईल. सार्वजनिक हा शब्द पाटीवर राहील आणि आत खासगी हॉटेल नांदेल. त्यापेक्षा दर माफक ठेवून सोडत काढणे किंवा काही जागा विद्यार्थ्यांसाठी राखणे अधिक न्यायाचे. २०१८ च्या त्या प्रयोगात देशातील अठरा वर्षांखालील मुलांना शुल्क नव्हते, हा त्यातला सर्वांत विवेकी भाग होता असे मला वाटते.

मागून येणाऱ्याचा हक्क

पैशावाचून ही व्यवस्था चालतच नाही काय? चालते. फिनलंडच्या उत्तरेकडील लॅपलंडमध्ये सरकारी वनसंस्थेचे अनेक निवारे आजही पूर्णपणे मोफत व उघडे आहेत. त्यांचा एक अलिखित नियम ऐकून आपल्याकडील माणूस चकित होईल. जागा कमी पडली तर हक्क मागून येणाऱ्याचा! जो आधी आला तो विसावला, त्याचे कपडे वाळले, पोटात ऊन अन्न गेले. म्हणून त्याने उठून बाहेर तंबू ठोकायचा आणि थकून आलेल्याला आत घ्यायचे. एकदोन रात्रींहून अधिक राहायचे नाही आणि निघताना पुढच्याकरिता सुकी लाकडे फोडून ठेवायची. ज्याला खात्रीची जागा हवी त्याच्यासाठी किल्ली देऊन भाड्याने मिळणारे निवारे वेगळे आहेत. बाजार आणि दान ही दोन्ही तत्त्वे एकाच रानात, पण वेगवेगळ्या छपरांखाली ठेवलेली आहेत.

ही फारकत महत्त्वाची आहे. इस्राएलमधील हायफा येथे दोन संशोधकांनी पाळणाघरांवर केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड ठेवला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. आणि पुढे दंड काढून टाकला तरी पूर्वीची शिस्त परत आली नाही. पूर्वी उशीर झाला की पालकांना संकोच वाटे. दंड आल्यावर उशीर ही विकत घ्यायची वस्तू झाली. निवाऱ्यांचे शुल्क वाढवताना हा धोका लक्षात ठेवावा लागेल. पाच डॉलर टाकणारा माणूस स्वतःला या छपराचा धनी समजतो. म्हणून तो झाडू उचलतो. दीडशे डॉलर मोजणारा स्वतःला गिऱ्हाईक समजतो. तो झाडू कोणी मारला नाही म्हणून तक्रार करतो. शुल्क वाढते तसे उत्पन्न वाढते खरे, पण एका मर्यादेनंतर झाडू मारणारे हात कमी होतात. आणि त्या हातांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. न्यूझीलंडमध्ये आज अनेक आडबाजूचे निवारे गिर्यारोहण मंडळांचे व शिकारी संघटनांचे स्वयंसेवक सुटीच्या दिवशी जाऊन दुरुस्त करतात. त्यांच्या श्रमाचे मोल पेटीतील तिकिटांहून मोठे आहे.

आणखी एक बारकावा. निवाऱ्यातील नोंदवहीत प्रत्येकाने नाव व पुढचा मार्ग लिहावा, अशी अपेक्षा असते; कोणी हरवला तर शोधपथकाला तोच पहिला दुवा. ज्याला शुल्क टाळायचे आहे त्याला नावही टाळण्याचा मोह होतो. तेव्हा शुल्क इतके वाढवू नये की, ते चुकवण्यासाठी माणूस स्वतःचा मागही पुसून टाकील.

पेटीचा हिशेब

प्रारंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्या पेटीत माणसे तिकीट का टाकतात? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील सामायिक कुरणे, पाटबंधारे व मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखवले की, नियम समजण्याजोगे, वापरणाऱ्यांच्या संमतीचे आणि प्रसंगाला साजेसे असले तर माणसे सामायिक संपत्ती उधळत नाहीत, सांभाळतात. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते याच कामाबद्दल. तिकीट टाकणारा खोलीचे भाडे भरत नसतो, तो वर्गणी देत असतो. आदल्या मुक्कामी कोणी सरपण ठेवले होते, ते त्याने जाळलेले असते. पुढच्या मुक्कामीही कोणी ठेवील, असा त्याचा भरवसा असतो. या दोन अनोळखी माणसांच्या मधला दुवा म्हणजे ते तिकीट. आम्ही वर्गात शिकवतो तो शहाणा माणूस एका रात्रीचा हिशेब करतो. हा माणूस अनेक रात्रींचा करतो. त्याचा हिशेब अधिक पक्का आहे.

म्हणूनच, माझ्या मते, छपराचे माफक मोल घेणे योग्य आहे. वाटेचे मोल घेणे योग्य नाही. छपराचे मोल देणारा पैशाच्या बदल्यात काय मिळाले ते डोळ्यांनी पाहतो: गादी कोरडी आहे, शेगडी पेटते आहे. डोंगराच्या दाराशी पैसे देणाऱ्याला काय मिळते? डोंगर सरकारने बांधलेला नाही. टोंगारिरोची शिखरे तर १८८७ मध्ये तेथील माओरी प्रमुखांनी राजसत्तेला दिली, त्यातून त्या देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान साकारले. तेथे वाहनतळाचे पैसे घ्यावेत, शौचालयाचे घ्यावेत. शिखराकडे पाहण्याचे घेऊ नयेत. एकदा वाटेवर दार बसले की दार कोणासाठी किती उघडायचे हे दरवर्षी अंदाजपत्रक ठरवील. आज परदेशीयासाठी, उद्या कदाचित त्यांच्याच मुलांसाठी.

गडावरच्या देवळात वा लेण्यात पथारी पसरून रात्र काढणाऱ्या आपल्याकडील तरुणांना हे सर्व फार दूरचे वाटणार नाही. वाटेवरच्या धर्मशाळेत उतरून निघताना पेटीत यथाशक्ती काही टाकण्याची रीत आपल्या आजोबांना ठाऊक होती. त्या पेटीला कधी पहारा नव्हता. पहारा नसलेली पेटी रिकामी राहत नाही तोवर समाजाचे बरे चालले आहे असे समजावे. आणि ज्या दिवशी तिच्याजागी फाटक येईल, त्या दिवशी उत्पन्न वाढल्याच्या आनंदात आपण काय गमावले, याची नोंद करायला कोणाला तरी सांगून ठेवावे.